एक तारीख चुकली आणि लाखोंचा क्लेम बुडाला! जहाजाने जाणाऱ्या मालाच्या दाव्यांत मुदतीला इतकं महत्त्व का असतं?

जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातलं राजूर म्हटलं की राजुरेश्वराचा गणपती आठवतो. जालन्यापासून सुमारे २५ किलोमीटरवरच्या या गावात अंगारकीला भाविकांची रीघ लागते. संकष्टीचा उपास चंद्रोदय झाल्यावरच सुटतो, म्हणून चंद्रोदयाची वेळ इथं घराघरात मिनिटासकट माहीत असते.

वेळेचा असाच काटेकोर हिशोब आणखी एका ठिकाणी चालतो, पण तो फारसा कुणाला माहीत नसतो. ते ठिकाण म्हणजे जहाजाने पाठवलेल्या मालाचे कोर्टातले दावे.

आता कुणी म्हणेल, समुद्रापासून चारशे किलोमीटर दूर असलेल्या राजूरचा आणि जहाजांचा काय संबंध? तर संबंध आहे, आणि तो वाढतो आहे. जालन्याच्या स्टील कारखान्यांना लागणारं भंगार परदेशातूनही येतं. जालना ही बियाण्यांची मोठी बाजारपेठ आहे. इथल्या मोसंबीला जीआय मानांकन आहे, कडवंचीसारख्या गावाचं नाव द्राक्षांसाठी घेतलं जातं. जेएनपीएच्या जालन्यातल्या ड्राय पोर्टचं भूमिपूजन डिसेंबर २०१५ मध्ये झालं, तेही मराठवाड्यातला कंटेनर सरळ बंदराशी जोडण्यासाठीच.

कंटेनर सुखरूप पोहोचला तर प्रश्नच नाही. पण माल सडला, भिजला, कमी भरला किंवा गायब झाला, तर भरपाईसाठी किती दिवसांत काय करायचं, हे माहीत नसल्यामुळे खरा असलेला क्लेमही हातचा जाऊ शकतो.

या मुदती कोणत्या, त्या चुकल्या तर काय होतं आणि कोर्टाच्या प्रक्रियेत कुठे कुठे घोळ होतात, हे सोप्या भाषेत समजून घेऊया.

आधी एक उदाहरण

समजा, राजूर परिसरातल्या शेतकऱ्यांच्या एका गटाने द्राक्षांचा रीफर कंटेनर, म्हणजे थंड ठेवणारा कंटेनर, दुबईला पाठवला. गावातून ट्रकने न्हावाशेवा बंदर आणि तिथून जहाज. सगळा प्रवास एकाच कंपनीने एकाच कागदावर घेतला.

५ मार्चला दुबईत कंटेनर उघडला. कूलिंग बंद पडल्यामुळे अर्धी द्राक्षं खराब झालेली. खरेदीदाराने फोटो पाठवले आणि पैसे अडवले. इकडे गटाने फॉरवर्डरला ईमेल केला. फॉरवर्डर म्हणाला, "लाइनकडे क्लेम टाकलाय." शिपिंग लाइन म्हणाली, "चौकशी सुरू आहे." विमा कंपनीने आणखी कागद मागितले. असं करता करता दिवाळी गेली. नंतर कुणीतरी सांगितलं की जहाजाच्या दाव्याला एक वर्ष असतं, म्हणजे पुढच्या मार्चपर्यंत वेळ आहे. गट निवांत झाला.

जानेवारीत वकिलाकडे गेल्यावर कळलं की या कागदासाठी मुदत एक वर्षाची नव्हती, ९ महिन्यांची होती. ती ५ डिसेंबरलाच संपली होती.

हे उदाहरण काल्पनिक आहे, पण त्यातली प्रत्येक मुदत खरी आहे.

मग नेमकी मुदत किती?

याचं उत्तर माल कोणत्या कागदावर गेला, त्यावर अवलंबून असतं. सगळा घोळ इथेच होतो.

१) बंदर ते बंदर: बिल ऑफ लेडिंग

माल जहाजावर चढला की शिपिंग लाइन बिल ऑफ लेडिंग देते. ती मालाची पावती असते, वाहतुकीच्या कराराचा पुरावा असतो आणि मालावरच्या हक्काचा कागदही असतो.

भारतातल्या बंदरातून निघणाऱ्या अशा मालासाठी १९२५ पासून समुद्रमार्गे मालवाहतुकीचा कायदा होता. २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. पण दोन्हींचा गाभा एकच आहे, 'हेग नियम' या नावाने ओळखले जाणारे आंतरराष्ट्रीय नियम.

या नियमांनुसार:

- नुकसान वरून दिसत असेल तर माल ताब्यात घेतानाच लेखी कळवायचं.
- नुकसान वरून दिसत नसेल तर ३ दिवसांच्या आत लेखी कळवायचं.
- दावा १ वर्षाच्या आत कोर्टात दाखल करायचा. हे वर्ष माल मिळाल्याच्या किंवा मिळायला हवा होता त्या तारखेपासून मोजलं जातं.

तीन दिवसांची नोटीस चुकली म्हणून दावा लगेच मरत नाही. मात्र माल ठीकठाक मिळाला असं प्रथमदर्शनी धरलं जातं आणि तो खराब होता हे सिद्ध करण्याचं ओझं माल घेणाऱ्यावर येतं. एक वर्षाची मुदत मात्र वेगळ्या जातीची आहे. ती पुढे पाहू.

२) गावापासून परदेशापर्यंत एकाच कागदावर: मल्टिमोडल

ट्रक किंवा रेल्वे आणि त्यानंतर जहाज, असा प्रवास एकाच कंपनीने एकाच करारात घेतला आणि मल्टिमोडल ट्रान्सपोर्ट डॉक्युमेंट दिलं, तर १९९३ चा मल्टिमोडल वाहतूक कायदा लागतो. भारतातून परदेशात जाणाऱ्या मालासाठी तो आहे. जालन्यासारख्या समुद्रापासून दूरच्या जिल्ह्यातल्या निर्यातदाराच्या हातात हाच कागद पडण्याची शक्यता जास्त असते.

यात वरून न दिसणाऱ्या नुकसानीची नोटीस ६ दिवसांत द्यायची असते आणि दाव्याची मुदत असते फक्त ९ महिने.

दोन्ही कागद दिसायला सारखेच असतात. वरचं शीर्षक आणि मागच्या बाजूचा बारीक मजकूर वाचल्याशिवाय फरक कळत नाही.

३) फक्त ट्रकचा प्रवास

बंदरापर्यंतचा प्रवास वेगळ्या ट्रान्सपोर्ट कंपनीने केला आणि माल त्याच टप्प्यात खराब झाला, तर २००७ चा रस्ते मालवाहतूक कायदा पाहावा लागतो. त्यात दावा करण्याआधी ट्रान्सपोर्ट कंपनीला लेखी नोटीस देणं सक्तीचं आहे आणि ती बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत द्यावी लागते. दिवस बुकिंगपासून मोजायचे, माल पोहोचल्यापासून नाही.

४) फक्त रेल्वेचा प्रवास

रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १०६ प्रमाणे माल रेल्वेच्या ताब्यात दिल्यापासून ६ महिन्यांच्या आत रेल्वे प्रशासनाला नोटीस द्यावी लागते. त्यानंतरचा क्लेम रेल्वे दावा न्यायाधिकरणात जातो.

५) आयात माल

परदेशातून येणाऱ्या भंगाराच्या कंटेनरला भारताचा समुद्री मालवाहतूक कायदा थेट लागत नाही, कारण तो भारतातून निघणाऱ्या मालासाठी आहे. तिथं बिल ऑफ लेडिंगवर कोणते नियम आणि कोणत्या देशाचा कायदा लिहिला आहे ते बघावं लागतं. बहुतेक बिलांवर एक वर्षाची अट असतेच.

एक वर्ष संपलं तर काय होतं?

आपल्याकडे साधारण समज असा असतो की मुदत टळली तरी विलंब माफीचा अर्ज द्यायचा, कारण सांगायचं आणि कोर्ट समजून घेतं. अपील किंवा अर्जाला उशीर झाला असेल तर मुदत कायद्याच्या कलम ५ खाली असं करता येतं. पण मूळ दाव्याला हे कलम लागतच नाही. आजारपण, पैशाची अडचण, वकिलाची चूक, काहीही कारण असलं तरी दावा दाखल करायला झालेला उशीर कलम ५ खाली माफ होत नाही.

जहाजाच्या मालाबाबत त्याहून कडक गोष्ट आहे. एरवी उसने दिलेल्या पैशाची मुदत संपली तर कोर्टात जाण्याचा मार्ग बंद होतो, पण देणं कागदावर उरतं. समोरच्याने आपणहून पैसे दिले तर ते घेता येतात.

हेग नियमांतले शब्द मात्र वेगळे आहेत. वर्षभरात दावा झाला नाही तर जहाज कंपनी 'सर्व दायित्वातून मुक्त' होते, असं त्यात म्हटलं आहे. ईस्ट अँड वेस्ट स्टीमशिप कंपनी विरुद्ध रामलिंगम चेट्टियार या १९६० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने याचा अर्थ स्पष्ट केला. इथे फक्त कोर्टाचं दार बंद होत नाही, तर हक्कच संपतो.

हक्क संपतो म्हणजे काय, ते इंग्लंडच्या 'एरीज' जहाजाच्या खटल्यातून नीट कळतं. तेल कमी उतरलं म्हणून जहाज भाड्याने घेणाऱ्या कंपनीने भाड्यातून तेवढे पैसे कापून घेतले आणि दावा केला नाही. वर्ष उलटून गेलं. १९७७ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने सांगितलं की वर्षानंतर क्लेमच उरला नाही, तेव्हा भाड्यातून कापायला आधारही उरला नाही. पूर्ण भाडं द्यावं लागलं.

आपल्याकडे कितीतरी व्यापारी "पुढच्या बिलातून कापून घेऊ" म्हणून गप्प बसतात. त्यांच्यासाठी हा निकाल महत्त्वाचा आहे.

मुदत वाढवून मिळतच नाही का?

मिळते, पण दोनच रस्त्यांनी.

पहिला रस्ता म्हणजे जहाज कंपनीची संमती. नुकसान झाल्यानंतर दोन्ही बाजूंनी ठरवलं तर वर्षाची मुदत पुढे नेता येते. ही संमती लेखी आणि स्पष्ट तारखेसह घ्यावी. "तुमचा क्लेम आम्ही तपासतो आहोत" हा ईमेल म्हणजे मुदतवाढ नव्हे.

दुसरा रस्ता कोर्टाचा. भारतीय कायद्यात असं परंतुक आहे की कोर्टाने परवानगी दिली तर एक वर्षानंतर आणखी जास्तीत जास्त ३ महिन्यांत दावा करता येतो. म्हणजे कोर्ट दयाळू असलं तरी १५ महिने ही शेवटची रेषा. मल्टिमोडल कायद्याच्या ९ महिन्यांच्या कलमात असे जादा तीन महिने दिलेले नाहीत.

कोरोनाच्या काळात एक अपवाद झाला होता. सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळला. पण तो देशभरासाठी दिलेला असाधारण आदेश होता. एखाद्याच्या वैयक्तिक अडचणीसाठी तसं होत नाही.

दावा कोणत्या कोर्टात? इथेही वर्षं जातात

कोल्लमच्या एका काजू कंपनीने पूर्व आफ्रिकेतून कच्चा काजू मागवला. माल कमी उतरला. कंपनीने कोचीनच्या कोर्टात दावा केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन विरुद्ध षण्मुगविलास कॅश्यू इंडस्ट्रीज या नावाने ते ओळखलं जातं. १९९० मध्ये निकाल लागला, तो असा की बिल ऑफ लेडिंगवर इंग्लंडचा कायदा आणि इंग्लंडमधलं कोर्ट लिहिलेलं असल्यामुळे कोचीनच्या कोर्टाला हा दावा चालवण्याचा अधिकारच नव्हता.

माल खरंच कमी उतरला होता का, हा प्रश्न बाजूलाच राहिला. बिलाच्या एका कलमावर सगळं संपलं.

चुकीच्या कोर्टात घालवलेला वेळ वगळण्याची सोय मुदत कायद्याच्या कलम १४ मध्ये आहे. पण ती चूक सद्हेतूने झाली आणि दावा तत्परतेने चालवला, हे दाखवावं लागतं. जी अट बिलावरच छापलेली आहे ती वाचली नाही, असं म्हणून तत्परता सिद्ध करणं अवघड असतं.

जहाजच अडवायचं असेल तर?

परदेशी जहाज कंपनीची इथे मालमत्ता नसते. दावा जिंकला तरी पैसे कुठून वसूल करायचे? म्हणून समुद्री कायद्यात जहाजालाच प्रतिवादी करून ते बंदरात अडवता येतं. याला जहाजाची अटक म्हणतात.

या बाबतीत देशातला सगळ्यात गाजलेला खटला गोव्यातल्या एका कंपनीचा आहे. हरवान इन्व्हेस्टमेंट अँड ट्रेडिंग या कंपनीचा माल 'एम. व्ही. एलिझाबेथ' या परदेशी जहाजावर मुरगाव बंदरात चढला. कंपनीची तक्रार अशी होती की जहाज फेब्रुवारी १९८४ मध्ये बिल ऑफ लेडिंग न देताच निघून गेलं आणि परदेशात पोहोचल्यावर कागद न बघताच माल सोपवला गेला. एप्रिल १९८४ मध्ये हेच जहाज विशाखापट्टणमला आलं, तेव्हा आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाच्या आदेशाने ते अडवण्यात आलं.

जहाज मालकाने मुद्दा काढला की १८६१ आणि १८९० च्या इंग्रजी कायद्यांप्रमाणे इथल्या उच्च न्यायालयाला परदेशी जहाजावर, तेही बाहेर जाणाऱ्या मालासाठी, असा अधिकार नाही. मूळ भांडण बाजूला राहून अधिकाराचीच लढाई सुरू झाली. २६ फेब्रुवारी १९९२ ला सर्वोच्च न्यायालयाने भारतीय उच्च न्यायालयाला हा अधिकार आहे, असा निकाल दिला. फक्त "हा खटला चालवता येतो का" एवढं ठरायला जवळपास आठ वर्षं गेली.

आज हा प्रश्न उरलेला नाही. २०१७ चा ॲडमिरल्टी कायदा १ एप्रिल २०१८ पासून लागू आहे. मुंबई उच्च न्यायालयासह किनारी राज्यांच्या उच्च न्यायालयांना जहाज अडवण्याचे अधिकार त्यात स्पष्ट दिले आहेत. जालन्याची नेहमीची प्रकरणं उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे जात असली, तरी न्हावाशेवाच्या जहाजाला अडवायचं तर मुंबई गाठावी लागते.

इथे मुदत तासांत मोजायची असते. कंटेनर जहाज बंदरात फार काळ थांबत नाही. कागद अपुरे असतील, शपथपत्र राहिलं असेल किंवा रजिस्ट्रीने त्रुटी काढल्या आणि त्या दूर व्हायला वेळ गेला, तर आदेश येईपर्यंत जहाज समुद्रात असतं.

घाईत खोटं किंवा अर्धवट सांगितलं तर तेही अंगाशी येतं. अटकेचा आदेश बहुतेकदा समोरच्याला न ऐकता दिला जातो, त्यामुळे अर्ज करणाऱ्याने आपल्या विरोधात जाणाऱ्या गोष्टीही कोर्टाला सांगणं अपेक्षित असतं. चुकीने जहाज अडवलं गेलं तर नुकसान भरून देण्याची हमीही कोर्ट लिहून घेऊ शकतं.

खलाशांच्या पगारालाही मुदत आहे

मराठवाड्यातली अनेक मुलं मर्चंट नेव्हीत जातात. कंपनीने पगार थकवला तर त्यांना जहाजावर 'मॅरिटाइम लियन' म्हणजे सागरी धारणाधिकार मिळतो. जहाज विकलं गेलं, मालक बदलला, तरी हा अधिकार जहाजाला चिकटून राहतो.

पण तोही कायमचा नसतो. ॲडमिरल्टी कायद्याच्या कलम ९ प्रमाणे असे अधिकार साधारण १ वर्षाने संपतात. खलाशांच्या पगारासाठी पगार देय झाल्यापासून २ वर्षं मिळतात. त्याआधी जहाज अडवलं जाऊन कोर्टामार्फत विक्रीपर्यंत गोष्ट जायला हवी. "पुढच्या ट्रिपनंतर देतो" या आश्वासनावर थांबलेल्या मुलाच्या हातून सगळ्यात भक्कम हक्क असाच निसटतो.

दावा केल्यावरही घड्याळ थांबत नाही

आयात-निर्यात, मालवाहतूक आणि समुद्री कायद्याचे ३ लाख रुपये किंवा त्याहून मोठे वाद २०१५ च्या व्यापारी न्यायालय कायद्यात येतात. या कायद्याने दोन्ही बाजूंना शिस्त लावली आहे.

*दावा करण्याआधी मध्यस्थी:* तातडीचा आदेश नको असेल तर कलम १२अ प्रमाणे आधी मध्यस्थी करावीच लागते. मुंबई उच्च न्यायालयाने दीपक रहेजा विरुद्ध गंगा तारो वझिरानी या प्रकरणात ऑक्टोबर २०२१ मध्ये ही पायरी सक्तीची असल्याचं सांगितलं. पाटील ऑटोमेशन विरुद्ध राखेजा इंजिनीअर्स या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑगस्ट २०२२ ला तेच सांगितलं आणि मध्यस्थी टाळून केलेला दावा फेटाळला जाईल, असं बजावलं. मध्यस्थीत गेलेला वेळ मुदतीत धरला जात नाही, हे कायद्यातच लिहिलं आहे. तरीही शेवटच्या आठवड्यात मध्यस्थीचा अर्ज करणं म्हणजे वाद ओढवून घेणं.

जहाज अडवायचं असेल तर ती तातडी असते, त्यामुळे मध्यस्थीची अट आड येत नाही. मात्र मध्यस्थी चुकवण्यासाठी तातडीचं सोंग घेता येणार नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये यामिनी मनोहर प्रकरणात स्पष्ट केलं.

*कैफियत:* प्रतिवादीने ३० दिवसांत लेखी कैफियत द्यायची. कोर्टाने मुदत वाढवली तरी समन्स मिळाल्यापासून १२० दिवस ही शेवटची मर्यादा. एससीजी कॉन्ट्रॅक्ट्स विरुद्ध के. एस. चमणकर इन्फ्रास्ट्रक्चर हे प्रकरण जहाजाचं नव्हतं, पण नियम तोच आहे. त्यात समन्स १४ जुलै २०१७ ला मिळालं होतं. १२० दिवस ११ नोव्हेंबरला संपले. कैफियत आली डिसेंबरमध्ये. १२ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने ती रेकॉर्डवर घ्यायला नकार दिला. म्हणजे प्रतिवादीला आपली बाजू लेखी मांडण्याचा हक्कच राहिला नाही.

हा नियम जालन्याच्या व्यापाऱ्यावरही उलटू शकतो. कंटेनर वेळेत परत केला नाही म्हणून शिपिंग लाइनने डिटेन्शनच्या पैशांसाठी दावा केला आणि आलेलं समन्स टेबलाच्या खणात पडून राहिलं, तर तो १२१ व्या दिवशी कितीही चांगला वकील घेऊन गेला तरी उपयोग नाही.

*अपील:* व्यापारी प्रकरणातलं अपील ६० दिवसांत करायचं असतं. महाराष्ट्र शासनाच्या जलसंपदा विभागाला बोर्से ब्रदर्स या कंत्राटदाराविरुद्धच्या लवाद प्रकरणात या ६० दिवसांवर आणखी १३१ दिवसांचा उशीर झाला. १९ मार्च २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने तो माफ केला नाही. व्यापारी वादात थोडा उशीर, तोही अपवाद म्हणून माफ होईल, असं कोर्टाने म्हटलं. सरकारी फाइल टेबलावरून टेबलावर फिरत होती, हे कारण तर २०१२ मध्येच लिव्हिंग मीडिया प्रकरणात फेटाळलं गेलं होतं. तिथे टपाल खात्याला ४२७ दिवसांचा उशीर झाला होता.

सगळ्याच चुका जीवघेण्या असतात का?

नाही, आणि हा फरक समजून घेणं महत्त्वाचं आहे.

काही चुका दुरुस्त होतात. सत्यापनाचं शपथपत्र राहिलं, कोर्ट फी कमी भरली, एखादं पान जोडायचं राहिलं, वकीलपत्रावर सही चुकली, तर कोर्ट सहसा दुरुस्तीची संधी देतं. व्हॉट्सॲप आणि ईमेलच्या पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. तेही वेळेत लक्षात आलं तर जोडता येतं.

काही चुका मात्र महागात पडतात:

- चुकीचा प्रतिवादी: मुंबईतल्या एजंटवर दावा केला आणि बिल ऑफ लेडिंग दिलेली खरी कंपनी राहूनच गेली. ती कंपनी जोडायला जाईपर्यंत वर्ष उलटलेलं असतं.
- चुकीचं कोर्ट: काजूच्या प्रकरणात झालं तसं.
- चुकीची मुदत: ९ महिन्यांना एक वर्ष समजणं.
- पत्रव्यवहारालाच दावा समजणं: क्लेम लेटर, विमा कंपनीचा फॉर्म, वकिलाची नोटीस यातलं काहीही म्हणजे कोर्टातला दावा नव्हे. यातल्या कशानेही घड्याळ थांबत नाही.

विम्याबद्दल एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. विमा कंपनी भरपाई देते आणि मग तुमच्या जागी उभी राहून जहाज कंपनीकडून वसुली करते. तुमच्या उशिरामुळे तो वसुलीचा हक्कच गेला, तर विमा कंपनी तुमच्या क्लेमवरही बोट ठेवू शकते. विमा आहे म्हणून मुदतीकडे दुर्लक्ष करणं म्हणूनच धोक्याचं.

मग माल खराब निघाला तर काय करायचं?

पहिल्या दिवशी: डिलिव्हरीच्या पावतीवर शेरा लिहायचा. "माल तपासणीच्या अधीन राहून घेतला" असं मोघम लिहिण्यापेक्षा काय खराब आहे, किती आहे, सील तुटलं होतं का, ते लिहावं. कंटेनर नंबर, सील नंबर दिसेल असे फोटो घ्यावेत. रीफर असेल तर तापमानाची नोंद मागावी.

तीन दिवसांच्या आत: शिपिंग लाइन, फॉरवर्डर, ट्रान्सपोर्ट कंपनी आणि विमा कंपनी, सगळ्यांना लेखी नोटीस. मल्टिमोडलला सहा दिवस असले तरी तीन दिवसांचा हिशोब धरलेला बरा. सर्व्हेअर बोलावून संयुक्त पाहणी करून घ्यावी.

पहिल्या महिन्यात: बिल ऑफ लेडिंगच्या दोन्ही बाजू वकिलाला दाखवाव्यात. कागद कोणता, कंपनी कोणती, कोर्ट कोणतं, मुदत किती, या चार प्रश्नांची उत्तरं लेखी घ्यावीत.

सहाव्या महिन्यात: तोपर्यंत पैसे आले नसतील तर दाव्याची तयारी सुरू करावी किंवा लेखी मुदतवाढ मागावी. ट्रकची १८० दिवसांची आणि रेल्वेची सहा महिन्यांची नोटीस याआधीच गेलेली हवी.

शेवटच्या महिन्यावर काहीही ठेवू नये. शेवटच्या दिवशी कोर्टाला सुट्टी असेल, ई-फायलिंग अडकेल, मध्यस्थीचा प्रश्न निघेल. सुट्टी आली तर मुदत आपोआप पुढे सरकेल, या भरवशावर राहू नये.

थोडक्यात, मुदतींचा तक्ता

- समुद्रमार्गे मालाच्या न दिसणाऱ्या नुकसानीची नोटीस: ३ दिवस
- समुद्रमार्गे मालाचा दावा: १ वर्ष (कोर्टाच्या परवानगीने आणखी ३ महिन्यांपर्यंत)
- मल्टिमोडल नोटीस: ६ दिवस
- मल्टिमोडल दावा: ९ महिने
- ट्रान्सपोर्ट कंपनीला नोटीस: बुकिंगपासून १८० दिवस
- रेल्वेला नोटीस: माल सोपवल्यापासून ६ महिने
- खलाशांच्या पगाराचा सागरी धारणाधिकार: २ वर्षं, इतर धारणाधिकार १ वर्ष
- व्यापारी दाव्यात कैफियत: ३० दिवस, जास्तीत जास्त १२०
- व्यापारी प्रकरणात अपील: ६० दिवस

शिपिंग लाइनकडे कायद्याचा वेगळा विभाग असतो आणि तिथे या सगळ्या तारखा कुणीतरी मोजत असतं. राजूरच्या शेतकरी गटाकडे किंवा जालन्याच्या छोट्या कारखानदाराकडे तसा विभाग नसतो. कंटेनर उघडल्याच्या दिवशीच भिंतीवरच्या कॅलेंडरवर नववा महिना आणि बारावा महिना लाल पेनाने गोल करून ठेवला, तर ते काम बऱ्यापैकी होतं.